दहा नऊपेक्षा लहान

प्रिय समर्थ,

फोन उचलत नाहीस, मोबाइलवरचे निरोप वाचून तसेच ठेवतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तूच चिडवायचास. आता लाव तेच अक्षर. हट्टाला पेटलास की तू कुणाचा नाहीस हे कॉलेजपासून ठाऊक आहे मला, पण मीही शहापूरची आहे, सुखासुखी सोडणार नाही.

तुझ्या आप्पांची खबर आधी सांगते, कारण तू विचारणार नाहीस. घर पडल्यापासून ते उचगावला तुझ्या मनुआत्याकडे असतात. ताटावर बसतात, भाकरी कुस्करतात आणि तशीच सोडून उठतात. आत्या म्हणते, दादा वाळून चिपाड झालाय. मंगलकाकू, तुझी आई, पुरात गेल्या तेव्हापासून तू बापाशी एक शब्द बोललेला नाहीस. काकूंच्या दिवसांनाही त्यांच्याकडे पाठ करून बसला होतास, मी बघत होते. गाव म्हणालं रवळूला, म्हणजे आप्पांना, पुलावर डुलकी लागली, पाणी किती चढलं ते त्यानं कळवलंच नाही. गावाचं सोड, गाव काय, काहीही बोलतं. तूही तेच म्हणालास, याचं मला वाईट वाटलं.

आपला तो पुराचा प्रोग्रॅम आठवतो का? शेवटच्या वर्षाला केलेला, आमच्या माडीवर बसून, खाली अण्णांचे माग खडखडत असायचे. पुलाच्या खांबावर फुटाच्या खुणा रंगवलेल्या. माणसानं, तुमच्या गावात आप्पांनी, पाणी बघायचं, फोनवरून आकडा पाठवायचा, आणि तो धोक्याच्या खुणेला पोचला की देवळावरचा भोंगा आपोआप वाजायचा. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गाव म्हणजे एक ऑब्जेक्ट, एक वेगळा डबाच, त्याची धोक्याची खूण त्याच्या पोटातच. तुमच्या गावाची खूण नऊ फूट. किती भांडलो आपण त्यावरून! मी म्हणत होते, आधी ठरवून टाक, इथं आकडाच येणार, दुसरं काही आलं तर प्रोग्रॅम सुरूच होता कामा नये. पाण्याची पातळी हा आकडा आहे, त्याला आकडा म्हणायला लाजायचं कशाला? तू म्हणालास, आमच्या नदीकाठाला कोण मराठीत लिहितं, कोण कन्नड आकडे टाकतं, कोण नुसतं ‘पायरी बुडाली’ एवढंच कळवतं. एक साचा ठरवला की पहिलं भांडण भाषेवरून. मग तू जे बोललास ते मला आजही पाठ आहे: “चिनू, इथं माणसाला आधी विचारतात तू कुठल्या बाजूचा. निदान माझ्या प्रोग्रॅमनं तरी विचारू नये. येईल ते घ्यावं, चालताना बघावं.”

त्या एका वाक्यापायी मी तेव्हा तुझ्या प्रेमात पडले होते, खरं सांगते. लग्नाचं बोलणं पुढं राहून गेलं ते गेलंच. पण वादात मी गप्प बसले ती तुझ्या चांगुलपणाकडे बघून, पटलं म्हणून नव्हे.

आता ऐक. यंदा पावसाळ्याच्या तोंडाला निपाणीकडची पोरं आली, गुंडू आणि त्याचे सोबती. म्हणाले, तो भोंगा परत चालू करून द्या, चार गावांना पाहिजे. प्रोग्रॅम चालायचा तो तुमच्या गावच्या शाळेतला संगणक पुरात बुडाला होता, पण एक प्रत माझ्याकडे होती. मी ती उघडली आणि सहज आकडे देत बसले. आठ दिले, भोंगा गप्प. नऊ दिले, वाजला. दहा दिले.

गप्प, समर्थ. अकरा दिले, तरी गप्प.

तू मराठी-कन्नड आकडे एकसारखे करून घेतलेस, पण ते राहिले मजकूरच. धोक्याची खूणही मजकूरच. आणि मजकुराची तुलना करताना यंत्र शब्दकोशासारखं पहिलं अक्षर बघतं. दहातला पहिला एक नऊच्या आधी येतो, म्हणून दहा नऊपेक्षा लहान. इतकी वर्षं पाणी नऊच्या पुढं गेलंच नव्हतं, तपासताना आपणही नऊवर थांबलो होतो. आकडा की मजकूर हा प्रकार आधी ठरवला असता तर हे पहिल्याच दिवशी अडलं असतं. वाद मी जिंकले म्हण. असलं जिंकणं वैऱ्यालाही नको.

आप्पा पहिल्यापासून काय सांगत होते? सांजेला आठ कळवलं, पहाटे पाणी एकदम चढलं, तर धा कळवलं. मग तोल जाऊन फोन पाण्यात गेला, आणि वाट बुडालेली म्हणून ते पुलापलीकडंच अडकले. तू सगळ्यांदेखत ओरडलास की पाठवलं असतं तर वाजला असता. नऊ पाठवलं असतं तर वाजलाही असता, रे. काकू भोंग्याच्या भरवशावर घरात थांबल्या, म्हशीचं दावं सोडायचं ठेवून. भोंगा लेकानं केलेला ना.

मी त्याच दिवशी उचगावला गेले. आप्पांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मलाच उलट विचारलं, “म्हंजे म्या धाच लिवलतं, व्हय?” माणूस स्वतःच्या बोटांवरचा विश्वास घालवून बसला होता. मी हो म्हटलं. ते रडले, लई रडले. मी म्हटलं, आता समर्थला कळवते. तर त्यांनी माझा हात धरला.

“त्याला सांगू नगंस, पोरी. माझ्यावरचा राग घिऊन त्यो जगतोय. सोताच्यावरचा राग घिऊन न्हाय जगायचा.”

मी शब्द दिला. आणि आज तो मोडतेय, कारण परवा आत्याचा फोन आला, आप्पांनी आता पाणीसुद्धा टाकलंय. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. ते तुझी चूक पोटात घेऊन जातील, आणि तू जन्मभर त्यांनाच दोष देत राहशील, हे मला बघवणार नाही. पण त्यांची भीतीही खोटी नाही, म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकलं नाही. बंगळूरला येऊन तुमच्या वॉचमनच्या हातानं वर पाठवलंय, आणि तू हे वाचून होईपर्यंत मी खाली बाकावर बसलेय. आज रात्रीच्या बेळगाव गाडीची दोन तिकिटं काढलीत. दार ओढून घे आणि खाली ये. एकटा बसू नकोस.

तुझीच,
चिन्मयी