शेवटच्या भागात आलेला भाऊ

गुरुजी, आपली मालिका संपली. तीच, तलावाकाठच्या बंगल्यातल्या खुनाची. वाहिनीने ती अर्ध्यावर बंद केली आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. इतक्या वर्षांनी राहिलेले भाग आता मोबाईलवर आले. मी सगळे पाहिले. खुनी कोण ते तुम्हाला कळवायला बसले आहे आणि लाज मला वाटते आहे, खुनी मी असल्यासारखी.

मोताळ्याचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. रविवारची संध्याकाळ, काकू भाकरी थापताहेत, आणि दारातून बाहेरचा टीव्ही दिसतो म्हणून आपण दोघं तिथेच पाट टाकून बसलो आहोत. न्यायशास्त्र शिकायला आलेली मी. भाग संपला की तुमचा वाद सुरू. मला माळ्याचा संशय असेल, तर आधी डॉक्टरच खुनी कसा, हा तुमचा पक्ष मी तुमच्याहून नेटका मांडायचा. मगच माळ्याकडे वळायचं. तिथवर पोचेतो मलाच माळ्याची दया यायला लागे. काकू तव्यावरून नजर न काढता म्हणत, "अहो, पोरीले जेवू द्या ना आता. मुडदा काई उठून पळत नाई."

एकदा मी थट्टेत म्हटलं, कोणी बाहेरचाच येऊन मारून गेला असेल. तुम्ही कप खाली ठेवलात. "जो सभेत आलाच नाही, त्याच्यावर आरोप? मंग शास्त्र कशाले शिकून राह्यली? घरी जाय." आणि मी खरंच उठायला लागले तेव्हा मऊ होऊन म्हणालात, "बस. लिहिणाराही कोणाचा तरी विद्यार्थीच असतो. तो असं करणार नाही."

त्याने तेच केलं, गुरुजी. सुरुवातीचं संगीत जुनंच ठेवलंय. नायिकेचे केस पांढरे झालेत, ते रंगवलेले नाहीत. ती बंगल्याचा जिना चढू लागली तेव्हा मला रडू आलं. एवढं देऊन मग शेवटच्या भागात डॉक्टरचा जुळा भाऊ आणला. आधी कधी नाव नाही, फोटो नाही. बॅग घेऊन आला, चहा घेतला, गुन्हा कबूल केला. आपण खून केलाय हे बिचाऱ्याला त्याच दिवशी सकाळी कळलं असावं.

राग लेखकाचा येतो, पण थोडा तुमचाही येतो. त्याला जामीन राहिलात तुम्ही. तुमच्या भरवशावर मी इतकी वर्षं या शेवटाची वाट पाहिली. तुमचा अंदाज चुकला असता तरी चाललं असतं, मी तुम्हाला मनसोक्त चिडवलं असतं. इथे तर चुकायलाही जागा ठेवली नाही त्याने.

परवा काकूंकडे गेले होते. त्यांना आता पडद्यावरचं दिसत नाही. वाती वळता वळता म्हणाल्या, "काऊन वं, तुमची ती मालिका संपली म्हन्ते. कोनं मारलं मंग?"

मी भाऊ म्हणणारच होते. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "दवाखान्यात बी हे म्हनत होते, डॉक्टरच हाये, पाहून घेजो. मी हसली त्याईले. हसाले नोको होतं."

"हाव काकू," मी म्हटलं, "डॉक्टरच."

वाती मांडीवरच राहिल्या. पदराने डोळे पुसून काकू एकदम सरसावून बसल्या. "पन सापडला कसा वं? एवढा चालाक मानूस!"

चहा आटोपून निसटले मी. सापडला कसा, ते येत्या रविवारी सगळं सांगते असं कबूल करून आले आहे. गुरुजी, मला अजून काहीच सुचलेलं नाही.