उजवा आरसा

९ ऑक्टोबर

बोटीच्या ऑफिसाने तिकीटखिडकीवर कागद चिकटवला. एक तारखेपासून बोटीवरचा कोणीही माणूस कुठल्याही ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावणार नाही. ज्याची गाडी त्यानेच रिव्हर्समध्ये आत घ्यायची. जमत नसेल त्याने धक्क्यावर थांबायचं.

गेल्या आठवड्यात शिट्टीने कोणाचा तरी टेम्पो आत घेताना शेजारच्या गाडीचा दिवा फोडला, त्याचं हे फळ. शिट्टी म्हणजे बोटीवरचा खलाशी. तोंडात शिट्टी, हातात लाल फडकं, गाड्या ओळीत लावून घ्यायच्या हे त्याचं काम. ज्यांना जमत नाही त्यांच्या गाड्या तो स्वतः आत घ्यायचा.

ज्यांना जमत नाही त्यांत आता मी एकटीच उरले आहे. खाली माझं नाव तेवढं घालायचं राहिलं.

१० ऑक्टोबर

बोटीला दार एकच. तोंडाने आत शिरलात तर पलीकडे शेपटीने उतरावं लागतं, आणि पलीकडचा धक्का असा चढाचा की उलटं चढणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. म्हणून सगळे उलटे शिरतात आणि सरळ बाहेर पडतात.

पुढे जायला मी कोणाला हार जाणार नाही. हे गेल्यापासून वर्षभर हाच ट्रक चालवते आहे. कोंबड्यांच्या खाद्याची पोती इकडून तिकडे. पावसात नेला, धुक्यात नेला, एक ओरखडा नाही. मागे जायचं तेवढं राहून गेलं. कारण मागे जाणं हे आमचं दोघांचं काम होतं. हे उजवीकडे स्टिअरिंगवर, मान दाराबाहेर. मी डावीकडे, मान खिडकीबाहेर. “येऊ द्या, येऊ द्या, वीतभर आहे, चार बोटं आहेत, बस्स.” वीस वर्षं हेच. ह्यांना डावीकडचा आरसा कधी पुसावाही लागला नाही.

रात्री मुलाचा फोन. कागदाची बातमी त्याला कोणी दिली देव जाणे.

“आई, आता तरी गाडी विक. इकडे ये. नातवंडं आहेत, स्वतंत्र खोली आहे, टीव्ही आहे.”

टीव्हीसाठी घर सोडावं असं मला वाटलं नाही. पण रागाच्या भरात बोलून गेले — एक तारखेला गाडी बोटीत लागली नाही, तर विकू. तो म्हणाला, शब्द? मी म्हटलं, शब्द.

फोन ठेवल्यावर वाटलं, जीभ तरी रिव्हर्समध्ये घेता यायला हवी होती.

१३ ऑक्टोबर

धक्क्यामागच्या बंद गोदामाच्या आवारात सराव. शिट्टीने जुनी टायर दोन ओळींत उभी करून दिली, बोटीतल्या जागेएवढी गल्ली. “स्टिअरिंगला हात लावणार नाही, पण टायर उभी करायला कागदात मनाई नाही,” म्हणाला. चांगला आहे पोरगा. कान फुटतील इतकी शिट्टी वाजवतो, पण चांगला आहे.

गाडी मागे घेतली. डावीकडे छान वीतभर जागा. एकदम रेषेत. मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच होतं होय. तेवढ्यात उजवीकडे धप्प. मग आणखी धप्प.

१४ ऑक्टोबर

पुन्हा उजवीकडची.

१७ ऑक्टोबर

बोटीला दोन तास उशीर. ओहोटी फार खाली गेली होती. रांगेत बसून वाचनालयातली कादंबरी संपवली. तिच्यातली विधवा पहिल्या पानापासून खिडकीत उभी. दोनशे पानांत बाई एकदा स्वयंपाक करत नाही, एकदा दात घासत नाही, रडते मात्र नियमाने. लिहिणाऱ्याला एकदा तरी विचारावंसं वाटतं, हिच्या घरी दूधवाला येत नाही का? त्याला पैसे कोण देतं?

रडू मलाही येतं. भांडी घासताना येतं, गियर बदलताना येतं. त्यासाठी खिडकी लागत नाही.

वाचायला मी याच रांगेत शिकले. पुढच्या गाडीच्या फाळक्यावर काय लिहिलंय ते हे वाचून दाखवायचे. पुढे मी अक्षरं ओळखायला लागले. मग दुकानांच्या पाट्या, औषधांची खोकी, वर्तमानपत्राचे पुडे, मग वाचनालय. ह्यांना पुस्तकाचा कंटाळा. “तू वाच आणि मला शेवट सांग,” म्हणायचे. शेवट सांगितला की, “असं कसं होईल?” म्हणून भांडायचे.

लांबड्या टँकर घेऊन मागेच उभा होता. ताडासारखा उंच म्हणून लांबड्या. खिडकीशी येऊन म्हणतो, “काकू, एक तारखेला कशा जाणार? पोहत?”

“तुझ्या टँकरात बसून. रिकामाच असतो ना तो. मालकासारखा.”

रांगेतले हसले. तोही हसला. पण त्याने विचारलं ते खरं आहे. पंधरा दिवस राहिले.

२० ऑक्टोबर

आज जे लिहिते आहे ते कोणापाशी बोललेले नाही.

सुनेच्या बाळंतपणाला मी दोन महिने मुलाकडे गेले होते. ह्यांची काळजी वाटत होती — डावीकडे कोणी नाही, बोटीत गाडी कशी लावतील? परत आले तर ट्रक होता तसा, एक ओरखडा नाही. विचारलं, “एकट्याने कशी लावत होता?” चहाची बशी तोंडाला लावलेली. म्हणाले, “लागत होती की. त्यात काय.”

त्यात काय! तेव्हा कौतुक वाटलं. जरा लागलंही. वीस वर्षं मान बाहेर काढून ओरडले, आणि माणसाला माझी गरजच नव्हती. नुसतं माझं मन राखायला शेजारी बसवत होते.

तेव्हा विसरून गेले. आता टायर पडलं की तेच आठवतं. ह्यांना माझ्यावाचून जमलं. मला ह्यांच्यावाचून जमत नाही.

२२ ऑक्टोबर

आज शिट्टी टायर उभी करून करून कंटाळला. शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाला, “काकू, एक विचारू? उजवीकडे कोण उभं आहे?”

“कोण असणार? कोणी नाही.”

“मग तिकडे बघत का नाही? स्टिअरिंगवर तुम्ही उजवीकडे बसलाय, आणि सगळा वेळ मान रिकाम्या सीटकडे. डावा आरसा, डावा आरसा, डावा आरसा. मी शिट्टी फुंकून मेलो तरी उजवीकडे एकदा वळत नाही.”

मी गाडीतून उतरले. पाणी प्यायले. त्याचं बरोबर होतं. गाडी मागे निघाली की माझी मान आपोआप डावीकडे जाते. उजवीकडे ह्यांचं काम. तिकडे मी कधी बघितलंच नाही, बघायचं नसायचं. तिकडचं हे बघतायत असं गृहीत.

अजून गृहीत धरते आहे, हे मला कळलं नव्हतं.

२३ ऑक्टोबर

डाव्या आरशावर बाजाराची पिशवी बांधली. आता बघ म्हटलं कुठे बघतेस.

काच खाली केली, मान उजवीकडे काढली. दाराच्या वरच्या कडेला रंग गेलेला दिसला. कोपराएवढा, गुळगुळीत. ह्यांचा हात तिथे टेकलेला असायचा. वर्षभर मी या दारातून चढते-उतरते, आणि हे आज दिसलं. माझा कोपर तिथे ठेवून बघितला. जरा पुढे येतो. माझे हात आखूड.

थोडा वेळ गाडी सुरू केली नाही. शिट्टी शहाणा, पलीकडे जाऊन बिडी ओढत बसला.

मग सुरू केली. उजवीकडची सगळी टायर उभी राहिली. डावीकडची पडली.

२४ ऑक्टोबर

पिशवी काढली. आता दोन्हीकडे बघते आणि कुठेच दिसत नाही. उजवीकडे मान वळवली की डावीकडचं डोक्यातून जातं. डोकं एक, बाजू दोन. वैतागून घरी आले. आमटी खारट झाली, तशीच खाल्ली.

२६ ऑक्टोबर

सापडलं. लिहून ठेवते.

आज डाव्या आरशात बघताना तोंडातून सवयीने निघून गेलं — “येऊ द्या, वीतभर आहे.” आणि हातांनी ऐकलं. मान उजवीकडे वळली तरी ते ‘वीतभर’ कानात राहिलं. पुन्हा डावीकडे बघितलं, बोलले, पुन्हा उजवीकडे वळले. डावीकडची मी सांगते, उजवीकडची मी ऐकते. वीस वर्षं जे मोठ्याने बोलायचं ते वर्षभर मनात बोलत होते, म्हणून सगळा घोळ.

गल्लीत गाडी सरळ शिरली. एकही टायर पडलं नाही.

शिट्टी म्हणाला, “काकू, कोणाशी बोलताय?”

“क्लीनरशी.”

“बाईमाणूस दिसतोय क्लीनर. आवाज जबर आहे.”

२९ ऑक्टोबर

रोज लागते आहे. आज माल भरून बघितलं. जड गाडी उशिरा वळते, म्हणून बोलायलाही आधी लागतं. जमलं.

सुनेचा फोन. हळू आवाजात म्हणाली, “आई, मुलांना मी तुमचं सांगितलंय. आजी एक तारखेला उलटी बोटीत शिरणार म्हणून. धाकटी विचारते, डोक्यावर उभी राहून का?” मग आणखी हळू — “ह्यांना सांगू नका, पण तुम्ही विकू नका हो.”

खोली तिनेच आवरून ठेवली होती असं मला वाटत होतं. माणसाचं काही कळत नाही.

३१ ऑक्टोबर

आरसे पुसले. दोन्ही.

१ नोव्हेंबर

भरती हवी होती. मिळाली ओहोटी. बोटीचा दरवाजा उतरता पडलेला, म्हणजे मागे जाताना शेपूट खाली आणि आरशात नुसती लोखंडी फळी. आधीच तीन गाड्या लागलेल्या, आणि उरलेली जागा लांबड्याच्या टँकरशेजारी. हे बघायला सगळे ड्रायव्हर खाली उतरलेले. चहावालासुद्धा किटली घेऊन उभा.

लांबड्याने मात्र स्वतःहून आपला आरसा मिटवून घेतला. “काकू, तेवढीच जागा झाली.” हे लक्षात ठेवायला हवं. त्याला रिकामा म्हणाले होते.

शिट्टी दारात उभा राहिला, लाल फडकं धरून. मी काच पूर्ण खाली केली. कोपर त्या गुळगुळीत जागेवर ठेवला आणि गाडी मागे सोडली.

“येऊ द्या. येऊ द्या. हातभर आहे.” चाकं फळीवर चढली, सगळी बोट हलली. “वीतभर. वीतभर.” खिडक्या उघड्या होत्या, आवाज सगळ्या धक्क्याला गेला असणार. कोणी हसलं. हसू दे. उजवीकडे बोटीची भिंत, गंजाचा एक लांब ओघळ आहे तिच्यावर, तो आरशात धरून ठेवला. “चार बोटं. येऊ द्या. सरळ करा. येऊ द्या.” ‘करा’ असंच म्हणत होते. स्वतःला अहो-जाहो करणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच ऐकली असेल.

“बस्स.”

शिट्टी वाजलीच नाही. बघितलं तर तो नुसता उभा. मग धावत येऊन चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि डावीकडे बोटं लावून मोजली. चार. दाखवली मला.

हँडब्रेक ओढला.  चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. मी बळेच दिले. फुकटचं म्हणजे जत्रेतल्या अस्वलासारखं वाटतं.

पलीकडे सरळ बाहेर पडले.

२ नोव्हेंबर

मुलाला कळवलं. त्याने आधी गाडीला ओरखडा किती आला ते विचारलं. मग म्हणाला, “बाबांसारखीच लावलीस?”

मी म्हटलं, हो. पण मनात आलं — बाबा बोलत नव्हते रे, त्यांनी दोन महिने गुपचूप लावली. मला अजून ओरडावं लागतं.

असू दे. लागते आहे ना.

६ नोव्हेंबर

डिझेल भरताना जुना मुकादम भेटला. शिट्टीच्या आधी हाच बोटीवर गाड्या लावून घ्यायचा. आता काठी घेऊन चालतो.

“वहिनी, एकट्याने लावता असं ऐकलं. तुमच्या मालकांना काही ते जमलं नाही.”

मी म्हटलं, “असं कसं? बाळंतपणाला मी दोन महिने नव्हते, तेव्हा तेच तर लावत होते.”

मुकादम हसायला लागला. “ते? दारापर्यंत आणायचे आणि किल्ली माझ्या हातात द्यायचे. रोज. म्हणायचे, डावी बाजू गावाला गेली आहे, आता तूच घे. आणि वहिनींना सांगशील तर याद राख.”

लबाड कुठले.