दोन हजार तीनशे सोळा चुका आणि आत्याचा नंबर

तीर्थस्वरूप आत्यास,

इथूनच, पण अगदी मनापासून वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? इस्त्रीच्या दुकानात स्टूल घेतलंस, की अजून दिवसभर उभीच असतेस? मी बरी आहे. जेवते, झोपते (काल सोडून). हे पत्र तुला शेजारच्या नर्सबाई वाचून दाखवतील. नर्सबाई, तुम्हालाही नमस्कार, आणि कंसातलं गाळू नका, ते मी मुद्दाम लिहिलेलं असतं. फोन केला असता, पण तुझ्याकडे तो नाही, आणि नर्सबाईंच्या फोनवर तू इतक्या मोठ्यानं बोलतेस की गोष्ट गल्लीभर होते.

आत्या, मला ठेवून घेतलं! हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. कंपनीनं सहा महिने मला परीक्षेवर ठेवलं होतं आणि तुझ्या भावानं, म्हणजे आमच्या दादांनी, मी निघतानाच बजावलं होतं, ‘कायम केलं तर राहा, नाही तर मी येऊन घेऊन जाईन.’ ते सहा महिने या महिन्यात भरतात. त्यामुळे मी किती धास्तावले होते ते तूच समज.

आमच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात. गेल्या गुरुवारी त्यांनी मला पहिल्यांदाच एकटीनं करायचं काम दिलं. आम्ही संगणकासाठी लिहितो ते त्या यंत्राला थेट कळत नाही. मध्ये कंपायलर नावाचा एक प्रोग्राम असतो. तो आमचं लिखाण तपासतो, चुका दाखवतो आणि यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. किती कडक तपासायचं, हे त्याला नियमांच्या एका फाइलीत सांगून ठेवावं लागतं (तू इस्त्रीवर सुती का रेशमी ते ठरवतेस ना, तसंच). आमच्या कामाला अशी फाइल कधी केलीच नव्हती, म्हणून तो इतकी वर्षं डोळेझाक करत होता. ताई म्हणाल्या, ‘एक आज्ञा दे, फाइल आपोआप तयार होते. मिनिटाचं काम आहे.’

मी आज्ञा दिली. मिनिट कुठलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत फाइल हजर! पण उघडून बघते तर शंभरेक नियम, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आधी दोन तिरप्या रेघा. अशी रेघ असली की तो नियम झोपलेला समजायचा.

आता तूच सांग, मी काय करणार होते? घरात लिहितावाचता येणारी मी पहिली. चौथीपासून सगळ्या गल्लीचे अर्ज मी भरलेत. वीजमीटरच्या अर्जातला एक रकाना रिकामा राहिला म्हणून दादांना तीन हेलपाटे पडले होते (साहेबांनी अर्ज त्यांच्या अंगावरच टाकला होता, हे दादांनी तुला सांगितलं नसेल, तर मीही सांगितलं नाही असं समज). तेव्हापासून माझ्या हातून अर्ज गेला की त्यात एक रकाना कोरा नसतो, निदान ‘लागू नाही’ तरी असतंच. मला ती फाइल अर्धवट भरलेल्या अर्जासारखी दिसली. दोन दिवस बसून मी एकेक नियम वाचला आणि एकेक रेघ पुसून सगळ्यांना जागं केलं. दोन नियमांचं आपसात पटत नव्हतं, त्यांचीही समजूत घातली. आणि सोमवारी सकाळी फाइल सगळ्यांच्या कामात घालून, पाणी प्यायला गेले.

परत आले तर अख्खी खोली उभी. सगळ्यांच्या पडद्यांवर लाल अक्षरं. दोन हजार तीनशे सोळा चुका, आत्या! आणि दुपारी तीनला दवाखान्याचे लोक आमचा प्रोग्राम बघायला येणार होते (पेशंटनं आपलं नाव सांगायचं, नंबर घ्यायचा, आणि पाळी आली की पडद्यावर पुकारा होतो, असा तो प्रोग्राम). आमच्यातले सगळ्यात जुने एक जण आहेत. त्यांना ‘चालतंय’ म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी ते तेवढंच म्हणतात. तेसुद्धा सोमवारी म्हणाले, ‘बाई, हे नाही चालत.’

‘हे कुणी केलं?’ ताईंनी विचारलं.

‘मी,’ म्हटलं. ‘रेघा पुसल्या.’

‘कुठल्या?’

‘सगळ्या.’

चालतंय म्हणाले, ‘पुसायची तर एखादी पुसायची! हिनं तर पाटीच धुतली.’

मी मनातल्या मनात कपडे भरायला लागले होते. पण ताई ओरडल्या नाहीत. त्या खुर्ची ओढून चुका वाचत बसल्या, आणि एका ठिकाणी थांबल्या. मग मला म्हणाल्या, ‘ज्याच्याकडे फोन नाही असा एखादा माणूस सांग बरं.’ मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी ते घातलं, फोनचा रकाना रिकामा सोडला. तुला नंबर मिळाला, चौदा. बारा पुकारला, तेरा पुकारला, आणि मग पंधरा! आम्ही सगळे पडद्याकडे बघत तुझी वाट बघत होतो. सोळा झाला, सतरा झाला. चालतंय हळूच म्हणाले, ‘आत्याबाई अजून बसल्याच आहेत.’ फोन नसलेल्या माणसाला हा प्रोग्राम नंबर देत होता आणि गुपचूप विसरत होता. तू संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून राहिली असतीस, आत्या, दुखऱ्या गुडघ्यानिशी! (तू बसली नसतीस, तू काउंटर डोक्यावर घेतलं असतंस, हे मी ताईंना सांगितलं.)

दोन वाजेपर्यंत ती चूक दुरुस्त झाली, तीनला दवाखान्याचे लोक खूश होऊन गेले, आणि जाता जाता ताई म्हणाल्या, ‘हिला ठेवू या.’ माझे पाय जमिनीला लागत नव्हते. अजून लागत नाहीत.

काकांना नमस्कार सांग, गुडघ्याला शेक देत जा, आणि माझी काळजी करू नकोस.

तुझी,
अर्जवाली

ता. क. वर लिहिलेलं एकदा वाचून बघितलं, त्यात एक गोष्ट राहिली. तुझ्या नंबराची चूक ज्या नियमानं धरली, त्याच्यापुढे रेघा नव्हत्याच. तो फाइलीबरोबर जागाच आला होता. म्हणजे मी नुसती आज्ञा देऊन गप्प बसले असते, तरी ती सापडली असती. बाकीच्या दोन हजारांवर चुका मी पुसलेल्या रेघांच्या. ताईंनी रेघा परत घातल्या, माझं दोन दिवसांचं काम मोडायला पाच मिनिटं लागली.

ता. क. दुसरा. ‘ठेवू या’ म्हणजे आणखी तीन महिने परीक्षेवर ठेवू या. तसं लेखी मिळालंय. ‘कायम’ हा शब्द त्यात नाही, मी चारदा वाचलं.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच आहे. काल दादांचा फोन आला. ‘कायम?’ एवढंच विचारलं. मी ‘हो’ म्हणून बसले. त्यांच्याशी खोटं बोलायची ही माझी पहिलीच वेळ, काल झोपले नाही ती यामुळेच. दादा ऐकतात ते फक्त तुझं. तेव्हा तू त्यांना गाठ, खरं ते सांग, आणि अशा रीतीनं सांग की ते मला न्यायला निघणार नाहीत. मला इथं राहायचंय, आत्या. फार राहायचंय. तुझ्याकडे पुढच्या शनिवारपर्यंतच वेळ आहे. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः फोन करून त्यांना सगळं सांगणार, कारण त्याच्यापुढे मला दम निघणार नाही.

(नर्सबाई, हे ऐकून आत्या जे बोलेल ते शब्दही न बदलता लिहून कळवा. शिव्या गाळू नका. शिव्या दिल्या, म्हणजे ती दादांकडे जाणार.)