शोकेसमधलं कासव

तीर्थरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा धरलाय, त्यामुळे एक अंग कमी पडेल, ते भेटीत भरून देईन). तुमची तब्येत बरी असेल, लेकीकडचा चौथा मजला आता अंगवळणी पडला असेल आणि जावईबापू तुमच्या हातचा चहा पिऊन वेळेवर कामाला जात असतील असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक. तुमची जाऊ ठीक आहे, मी ठीक आहे आणि दादाची तातडी तर अगदी मजेत आहे. खाते, पिते, फिरते. पत्र पेन्सिलीने लिहितोय याचा राग मानू नका, कानामागे तीच होती. कागद एका कपाटाच्या नकाशाचा पाठकोरा आहे. ते कपाट कशाचं, हे पुढे येईलच.

तर मुद्दा असा की, या रविवारी तुम्ही तातडीला बघायला येणार असं परवा फोनवर म्हणालात, ते जरा पुढे ढकलता येईल का? घरात रंगकाम काढलंय. जिन्यात डबे आहेत, वासाने तुमचं डोकं दुखेल. पुढच्या महिन्यात सावकाश या.

वहिनी, रंगकाम काढलेलं नाही. वरचं खोडणार होतो, पण तुम्हाला खोडलेलंही वाचता येतं हे मला शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून माहीत आहे. तातडी मजेत आहे हेसुद्धा तितकंसं खरं नाही. ती पिते. फिरत नाही. खात तर अजिबात नाही, आज अकरावा दिवस. फोनवर मी तुम्हाला सांगत होतो की माझ्या हातून काकडी खाते म्हणून, ती काकडी मीच खात होतो. फोनवर माझं तोंड माझं ऐकत नाही, म्हणून हे पत्र. कागदावर निदान पेन्सिलीला टोक काढायला थांबावं लागतं, तेवढ्यात थोडी लाज वाटते.

पहिल्यापासून सांगतो. दादा गेल्यावर तुम्ही लेकीकडे राहायला निघालात आणि तातडी कासविणीला माझ्या स्वाधीन केलंत, त्या दिवशी तिच्याबरोबर दादाने तिला घर म्हणून केलेलं ते खोकंही दिलंत. मी काय म्हणालो ते तुम्ही विसरला असाल अशी आशा आहे, पण तुम्ही काही विसरत नाही. मी म्हणालो, वहिनी, हे खोकं माझ्या दुकानात ठेवलं तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. सात फळ्या, त्यातली एकही दुसरीशी बोलत नाही, खिळे वाकवून ठोकलेले, दाराला तीन ठिकाणी करवतीचे चरे. दादाने आयुष्य सरकारी दप्तरात काढलं, हातात करवत धरली की ती लेखणीसारखी धरायचा. तुम्ही नुसतं एवढंच म्हणालात, "असू द्या, भावोजी. बरोबर असू द्या." मी हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय जातं!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी सुतार नाही, मी शोकेस करतो (हा फरक मी लोकांना पस्तीस वर्षं समजावतोय आणि तीन दिवसांपूर्वी तो एका बाईंनी माझ्याच तोंडावर मारला, त्याचं पुढे). सोनार, चष्मेवाला, बुटांचा दुकानदार, सगळ्यांचा माल माझ्या काचेमागे उजळून निघतो. दादाची आठवण म्हणून आलेलं जनावर सडक्या खोक्यात ठेवायचं म्हणजे घराण्याची अब्रू. तेव्हा मी ठरवलं की तातडीला असं घर करायचं की बघणाऱ्याने बघत राहावं. नकाशा काढला (तोच या कागदाच्या मागे आहे) आणि दोन आठवडे मी दुसरं काम हातात धरलं नाही. चांगलं प्लायवूड, कडांना सागवानी पट्टी, पुढे सरकती काच, आत दिव्यांची पट्टी, तळाला पांढरं चकचकीत सनमायका, झोपायच्या कोपऱ्यात लाल मखमल, आणि मागे, सोनाराच्या कपाटाला असतो तसा, पूर्ण आरसा. आरशाने माल दुप्पट दिसतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. एका कासवाची दोन दिसतील, दादाला वरून बरं वाटेल, असा माझा हिशेब.

या दोन आठवड्यांत ती कारखान्यात त्या खोक्यातच राहत होती आणि रोज पोटभर पाला खात होती, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दारासाठी मी तिचं माप घेतलं. पट्टीने नव्हे, वस्तू दोन जबड्यांत धरून मोजणाऱ्या मापाने, सुताएवढाही फरक नको म्हणून. टेबलावर ठेवल्याबरोबर तिने मान-पाय आत घेतले आणि अगदी शहाण्यासारखी बसली. मला कौतुक वाटलं, इतकं स्थिर गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं. उंची साडेचार इंच भरली. मी मन मोठं करून दार पावणेपाच इंचांचं केलं. आता वहिनी, तुम्ही हसाल. कासव चालताना पायांवर उभं राहतं. पस्तीस वर्षं मी फक्त न हलणाऱ्या वस्तूंची मापं घेतली, चष्मा काही उठून उभा राहत नाही. तातडी उभी राहिली की सहा इंचांची होते. ती दारात शिरली, जोर लावला आणि मधोमध अडकली, पुढचे पाय आत, मागचे बाहेर, आणि चारी पाय चालू. तुमच्या जावेने पाठीवर तेल ओतून पाहिलं, त्याने फक्त सागवानी पट्टीवर डाग पडला. शेवटी मी आख्खी चौकट उसवून तिला सोडवलं. त्यानंतर वरूनच हाताने आत ठेवायचं असं ठरलं. म्हणजे दार आहे, पण ते बघण्यापुरतं.

आत गेल्यावर आरशातली दुसरी कासवीण तिला दिसली. पुढचं काय सांगू? तिला वाटलं आपल्या घरात कोणीतरी आधीच येऊन बसलंय. सकाळी दिवे लागले की हिची टक्कर सुरू, ठक्, ठक्, ठक्. तुमची जाऊ पहिल्या दिवशी तीन वेळा कोण आलंय म्हणून दार उघडून आली, चौथ्या वेळी माझ्याकडे बघून बसली. शत्रूने पाठ फिरवावी म्हणून हिने पाठ फिरवली की पुढे काच. काच म्हणजे काय हे तिला कळत नाही, पलीकडे दिसतंय म्हणजे जाता येतं, एवढाच तिचा साधा हिशेब. त्यात सनमायकावर पाय फाकतात. बाहेरून मात्र, वहिनी, इतकं देखणं दिसत होतं! मी स्टूल टाकून बघत बसायचो.

तिसऱ्या दिवसापासून टकराही थांबल्या. कोपऱ्यात मान आत घेऊन बसली. मी म्हटलं, रुळली. तुमची जाऊ म्हणाली, "रुळली नाही, रुसली. आपलं घर केलंत तेव्हा मला तरी कुठे विचारलं होतंत?" (स्वयंपाकघरातही मी काचेची कपाटं केली आहेत आणि डबे कसेही ठेवलेले मला चालत नाहीत, हा तिचा जुना दावा आहे. आता तो मला मान्य आहे, पण तिला अजून सांगितलेलं नाही.)

आठव्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नाव विचारलं, मी तातडी म्हणालो. दादाच्या दप्तरात प्रत्येक फायलीवर "तातडीचे" असा शिक्का असायचा आणि फायली कासवाच्या चालीने जायच्या म्हणून त्याने हे नाव ठेवलं, हे मी सांगेपर्यंत तिथल्या माणसाने ते नाव वाचून आम्हाला सगळ्यांच्या आधी आत पाठवलं. एक धापा टाकणारा कुत्रा आणि त्याची मालकीण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती विसरता येत नाही. बाईंनी तपासलं. आठ दिवसांत तातडीने एकच वस्तू खाल्ली होती, मखमल, दोन बोटं लांब. (ती गुरुवारी बाहेर पडली. लांबी मी मोजली, सवय.) मग मी मोठ्या हौसेने खिशातून घराचा फोटो काढून दाखवला. बाईंनी तो उजेडात धरून पाहिला. म्हणाल्या, "तुम्ही सुतार का?" मी म्हटलं, नाही, शोकेस करतो. म्हणाल्या, "तरीच." आणि मग, अगदी शांतपणे, "हे घर बघणाऱ्यासाठी झालंय. राहणाऱ्यासाठी काय केलंत?"

वहिनी, मी फोटो परत खिशात घातला. माझ्या कपाटात आजवर कोणी राहिलंच नव्हतं.

त्यांनी सांगितलं की तिला अंधार हवा, पायाखाली माती हवी, सकाळचं ऊन हवं, आणि आधी जिथे राहत होती ती जागा असेल तर तीच द्या, कासवं वासाने घर ओळखतात. अजून चार-पाच दिवसांत तोंड लावलं नाही तर नळीने भरवावं लागेल, आणि तिच्या वयाला ते झेपेलच असं नाही, असंही म्हणाल्या. मी मान डोलावली आणि घरी आलो. घरी आल्यावर तुम्हाला फोन करून सांगितलं की बाईंनी तातडीचं कौतुक केलं.

असो. तुम्ही काळजी करू नका, मी सगळं बघून घेतो. रविवारचं तेवढं पुढे ढकला. लेकीला, जावयांना आशीर्वाद.

तुमचा लाजलेला,
धाकटा दीर

ता. क. "आधी जिथे राहत होती ती जागा" म्हणजे दादाचं खोकं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते माडीवर जपून ठेवलंय असं मी तुम्हाला दोनदा सांगितलं. आमच्या घराला माडी नाही. तातडी शोकेसमध्ये राहायला गेली त्याच दुपारी मी ते मोडलं. चार फळ्या कोपऱ्यात पडून होत्या. एक फाडून मी काचांना पाचरी केल्या. दोन बुटांच्या दुकानात गेल्या, त्याचं आधीच करून ठेवलेलं नवीन कपाट मी त्याच दिवशी बसवलं आणि फरशी उंचसखल होती म्हणून त्या खाली सारल्या. मी काल भर दुपारी तिथे जाऊन साठ जोड बूट खाली काढायला लावले आणि कपाट उचललं. एक गिऱ्हाईक एका पायात नवा बूट आणि एका पायात मोजा असं ताटकळत उभं होतं. दुकानदार विचारत होता, काय झालं? भावाचं खोकं मोडून तुझ्या कपाटाखाली घातलं असं मला म्हणवेना. मी म्हणालो, वाळवी. वहिनी, स्वतःच्याच नव्या कपाटाला वाळवी लागली असं भर बाजारात सांगणारा शोकेसवाला मीच पहिला. संध्याकाळपर्यंत दोन ऑर्डरी परत गेल्या. बरं झालं.

ता. क. दुसरा. खोकं परत जोडलंय. वाकडं ठोकायला किती कठीण असतं हे मला आज कळलं, हात आपोआप सरळ जातो. जुनीच भोकं बघून जुनेच खिळे घातले. सातवी फळी नवी आहे, ती लगेच ओळखू येईल, कारण ती एकटीच सरळ आहे. अंगणात माती पसरून वर खोकं ठेवलं. तातडी दारातून आत गेली, उभीच्या उभी, कुठेही न घासता. आत वळली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. पण खाल्लेलं अजून काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज भरवणारं माणूस असेल तर ते बोलवा. तीस वर्षं रोज सकाळी तिला तुम्ही भरवलंत. तेव्हा रविवारपर्यंत थांबू नका. हे पत्र कारखान्यातल्या पोराच्या हाती आजच पाठवतोय, उद्या सकाळच्या गाडीने या. मी स्टेशनवर उभा आहे.

ता. क. तिसरा, आणि हा शेवटचा. दाराच्या वरच्या फळीवर, आतल्या बाजूने, दादाचं अक्षर आहे. मोडताना मी पाहिलं नाही, जोडताना दिसलं. फायलीच्या समासात लिहायचा तसंच, बारीक, तारखेसकट. "दाराची उंची किती ठेवावी? धाकट्यास विचारणे." आणि त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीची तारीख घालून, "नको. हसेल." दारावरचे ते तीन चरे म्हणजे दोनदा चुकून त्याने तिसऱ्यांदा बरोबर कापलंय. मी त्याच गल्लीत राहत होतो, वहिनी. मी खरंच हसलो असतो.

आता मी विचारतोय. माती किती खोल घालायची, पाला कुठला, तिला हाक कशी मारायची, मला यातलं काही येत नाही. तुम्ही वाटेल तेवढं हसा, पण या.