न प्यायलेलं तीर्थ

वाशी, ९ फेब्रुवारी १९८५

सत्संग मंडळाच्या महाराजांनी माझ्या मीनूला नको तिथे हात लावला. तिने सांगितल्यावरही चार दिवस मी गप्प राहिले. का?

आज मंडळातल्या नानांनी माझ्या तळहातावर पादुकांचं तीर्थ घातलं. “घ्या वहिनी, मंडळातलं मंडळातच राहू दे.” तीर्थ प्यायलं की शब्द मोडता येत नाही, हे मीनूलाही ठाऊक. ती दारातून बघत होती.

मी तीर्थ पदराला पुसलं आणि तिला घेऊन थेट पोलीस चौकीत गेले. तिथे त्यांनी तक्रार लिहून घेतली. किती हलकं वाटतंय!

घरी आल्यावर मीनूने पदर चाचपला. अजून ओलसर होता.

“आई, खरंच नाही ना प्यायलीस?”

“नाही गं.”

मग तिने दोनदा भात मागून घेतला.