दोन्ही चाकं एका दिशेला

४ डिसेंबर १९७७, रविवार. लाखनी

गाडीच्या मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलची किंमत. बायकोला, निर्मलाला, सांगितली दोनशे. इश्वर मिस्त्रीला चारशे, म्हणजे तो जपून हात लावेल. शेजारच्या हिरालाल कापडवाल्याला नऊशे. खरी साडेसहाशे, अधिक नागपूरहून ट्रकवर आणायचे पस्तीस, अधिक बाबुलाल भंगारवाल्याकडे पत्र्याला अडकून फाटलेली टेरिकॉटची पॅन्ट. खरा आकडा या वहीबाहेर जाणार नाही.

पण माल अस्सल. लिमिटेड स्लिप. साध्या गाडीचं एक मागचं चाक रेतीत फसलं की तेच गरगर फिरतं, आणि दुसरं चांगल्या जमिनीवर उभं राहून तमाशा पाहतं. लिमिटेड स्लिपमध्ये दोन्ही चाकं मिळून जोर लावतात. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात अशी वस्तू दुसरी नाही.

गाडीसोबत मिळालेल्या इंग्रजी पुस्तकात याची पारखही दिली आहे. एक चाक हातानं फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर खरं, उलट फिरलं तर साधं. बाबुलालकडे एका मोठ्या विलायती गाडीचा मागचा एक्सल, आत डिफरन्शियलसकट, ठोकळ्यांवर ठेवला होता. मी एक चाक फिरवलं. दुसरं त्याच दिशेला, लगेच, जराही ढिलाई न करता. बाबुलाल आपल्या माणसाला हळूच म्हणाला, सेठ को सब मालूम है, इनको दूसरा कुछ मत दिखाना. त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही. माझे कान तिखट आहेत.

ट्रकवर क्लीनर होतो, आज हायवेवर टायरचं दुकान आहे. ते उगाच नाही.

५ डिसेंबर

हे सगळं कशासाठी, ते लिहून ठेवतो. नाही तर लोक म्हणतील शौक.

गाडी तुमसरकडच्या खाणीतल्या साहेबाची. लाल, दोन सीटांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार. साहेब गेला तेव्हा लिलावात घेतली. निर्मला तीन वर्षांत एकदाही बसली नाही. म्हणते, उघड्या गाडीत गावातून हात जोडत जायले मी काय निवडणुकीले उभी आहे.

दिवाळीत सासुरवाडीला एकोडीला गेलो. मेहुण्याचं, तेजरामचं घर गावाबाहेर, नाल्यापलीकडच्या टोलीवर. नाल्याच्या रेतीत गाडीचं एक चाक फिरत राहिलं. तेजरामनं बैलजोडी आणली, दोर बांधला, आणि सगळ्यांसमोर बैलांना म्हणाला, चला रे, जवाई आले. बैलांनी ओढली. टोलीवरचे लोक अजून मला पाहिलं की हळूच तेच म्हणतात. हळू म्हणून काय झालं.

आता सासूबाई, पार्वताबाई. त्यांचा एक डोळा केव्हाच गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलाय. २५ जानेवारीला भंडाऱ्यात डोळ्यांचं शिबिर आहे. दुपारी बारापर्यंत नावं लिहून घेणार. हुकलं तर थेट पुढचं वर्ष, आणि तोवर म्हातारीनं ताट चाचपत जेवायचं. तेजराम म्हणाला, बैलांच्या रेंगीत बसवून सडकेपर्यंत नेतो, तिथून एसटी. मी म्हणालो, माझ्या सासूबाई बैलांमागे बसून ऑपरेशनला जाणार नाहीत, माझ्या गाडीत जातील. हे ओसरीवर सगळ्यांनी ऐकलं आहे. सासूबाईंनी तर तेव्हाच शेजारणीला हाक मारून सांगितलं.

१० डिसेंबर

इश्वर म्हणे, शेठ, बसवायच्या आधी डिफरन्शियल खोलून पाहू. साफ नाही म्हटलं. बाबुलालनं बजावलं आहे, कंपनीचं सेटिंग आहे, खोललं की गेलं. इश्वर म्हणे, खोलल्यानं सेटिंग जाते तं मंग मी तीस सालं काय करून राहिलो जी.

निश्चय: इश्वरला डोक्यावर चढवायचं नाही.
निश्चय: २० तारखेपर्यंत गाडी रस्त्यावर.

२० डिसेंबर

एक्सल चार बोटं रुंद निघाला. चाकं मडगार्डच्या बाहेर आली आहेत. इश्वर म्हणे, कोंबडीले बदकाचे पाय लावल्यावानी दिसते. रेसच्या गाड्या अशाच असतात हे त्याला कुठून माहीत असणार.

२ जानेवारी १९७८

इंजिनाकडून मागच्या एक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट लांब पडला. कापून पुन्हा जोडायला नागपूरला पाठवला. उशीर माझ्यामुळे नाही. जानेवारीत सगळ्यांनाच उशीर होतो.

८ जानेवारी, संध्याकाळ

बसलं. पहिली फेरी साकोलीच्या दिशेनं. गाडी बाणासारखी सरळ. मीटरवर साठ मैल. तेवढ्यात मागून भुश्यानं भरलेला ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेला. पोलिसांनी या ट्रकवाल्यांकडे लक्ष दिलं पाहिजे.

(इश्वर म्हणे, गियरचं प्रमाण बदललं, मीटर आता जास्त दाखवते. मीटर इंग्लंडचं आहे. इश्वर लाखनीचा.)

परत येताना वळणावर टायर ओरडले आणि गाडी मागून दोन उड्या मारून वळली. पकड म्हणतात ती हीच असावी.

१० जानेवारी

दुकानात ट्यूब मोजत होतो. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. हिरालाल गिऱ्हाइकाला सांगत होता, टिकारामजीची गाडी वळण आलं का रडते, जशी नवी पोरगी सासरी चालली. गिऱ्हाईक म्हणे, मंग थे वळवतेच कायले.

म्हणजे बाजारात माझ्या गाडीची चर्चा आहे. दोन दिवसांत एवढं नाव.

१२ जानेवारी

तेजराम बाजाराला आला होता. त्याला बसवून चहा पाजला आणि लिमिटेड स्लिप म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, म्हणजे भाऊजी, घसरते खरी, पण लिमिटमध्ये. उठला आणि गेला. शेतकरी माणूस, पण मुद्दा बरोबर पकडला.

१५ जानेवारी

संक्रांतीचे तिळाचे लाडू सासूबाईंनी स्वतः वळून पाठवले. त्यात खडे निघाले. निर्मला एकेक लाडू फोडून खडे वेचत बसली. मग म्हणाली, तुमच्यानं होत नसन तं आताच सांगा, दादा नेईन तिले. मी म्हटलं, काय होत नाही ते दाखव. तिनं खड्यांची वाटी दाखवली. विषय गाडीचा चालला होता.

१६ जानेवारी

मागचे दोन्ही टायर आठ दिवसांत गुळगुळीत झाले. माल खराब. टायर माझ्याच दुकानातले, पण हे इथंच राहू दे. नवे चढवले.

१७ जानेवारी

इश्वर पुन्हा तेच. म्हणे, शेठ, वळताना बाहेरच्या चाकाले जास्त चालावं लागते, आतल्याले कमी. तुमचे दोघं बी सारखंच चालून राहिले. एक दुसऱ्याले फरफटत नेते. कोणतं तरी तुटन. फक्त एक संध्याकाळ द्या, खोलून पाहतो.

शिबिराला आठ दिवस राहिले असताना हा माणूस गाडी खोलायला निघाला. मी बॉनेटला कान लावून ऐकलं. आवाज निरोगी आहे.

२१ जानेवारी

वळणांचा प्रश्न सोडवला. भंडाऱ्याचा रस्ता मनात पूर्ण फिरून पाहिला. बहुतेक सरळच आहे.

२४ जानेवारी

निर्मला आज एसटीनं पुढे एकोडीला गेली. गाडीत दोनच सीटा, सासूबाईंची आणि माझी, हे कारण तिनंच दिलं. मला पटलं.

उद्याचा कार्यक्रम: साडेपाचला निघणे. साडेसातला टोली. चहा. आठला निघणे. दहाला भंडारा. शिबिरात पहिला नंबर. फुलांचा हार डिकीत ठेवला आहे, परतताना गाडीला घालायला.

२५ जानेवारी, सकाळी ९.१५. तेजरामच्या ओसरीवर

निघायला सात झाले. गाडी फाटकातून बाहेर काढण्यात वेळ गेला. सात वेळा मागेपुढे. फाटक बांधणाऱ्यानं अरुंद बांधलं आहे.

पण नाला! हे सावकाश लिहितो. काठावर वीसेक माणसं जमली होती. तेजराम रेंगी जुंपून उभा. उगाच, म्हणे. मी गियर टाकला. रेतीत दोन्ही चाकांनी एकदम पकड घेतली आणि गाडी एका दमात पलीकडे. ना अडकली, ना घुरघुरली. कोणीही बैलांना हाक मारली नाही. मी तेजरामला म्हटलं, आता सोड बैल. त्यानं सोडले नाहीत.

सासूबाई तयार आहेत. नवं लुगडं नेसल्या आहेत. चहा झाला की निघतो.

त्याच दिवशी, दुपारी ४. तीच ओसरी

सासूबाईंना गाडीत बसवलं. निर्मलानं त्यांच्या कानाला रुमाल बांधला, पायांवर शाल टाकली. गाडी अंगणात वळवायची होती. अंगण चोपून सारवलेलं, दगडासारखं कडक. रेतीसारखं चाकाला जरा सरकू देईल असं नाही. मी स्टिअरिंग पूर्ण कापलं. गाडी कण्हली. मागून कडाक असा आवाज आला. मी लगेच ओळखलं की हा इंजिनाचा नाही.

मागचं उजवं चाक तुटलेल्या एक्सलच्या तुकड्यासकट बाहेर आलं आणि गोठ्याकडे गेलं. गाडी त्या कुशीवर बसली. सासूबाई शाल सावरत म्हणाल्या, आला का जी भंडारा.



तेजरामनं आईला दोन्ही हातांवर उचललं आणि रेंगीत बसवलं. काही बोलला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. निर्मला रेंगीत चढली. मी पुढे झालो तर म्हणाली, तुमी राहा गाडीपाशी, तिले सोबत पायजे. तेव्हा पावणेदहा झाले होते.

गाडीपाशी कोणीतरी लागतंच. म्हशी कुतूहलानं चाटतात.

२६ जानेवारी

तेजराम सकाळी परतला. सडकेवर पोचले तेव्हा एसटी निघून गेली होती. एका ट्रकला हात दाखवला, तो थांबला. बाराला पाच मिनिटं असताना नाव लिहिलं गेलं. त्यांच्यामागे आलेल्या दोन म्हाताऱ्यांना परत पाठवलं. ऑपरेशन काल संध्याकाळीच झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं.

ट्रक कोणाचा ते विचारलं. आमच्या लाखनीच्या राइस मिलचा निघाला. त्याचे मागचे चारही टायर माझ्या दुकानातले. म्हणजे सासूबाई शेवटी माझ्याच चाकांवर गेल्या. हे मी तेजरामला सांगितलं. तो बैलांना पाणी पाजायला गेला.

३ फेब्रुवारी

गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली, वर ताडपत्री टाकून. हिरालाल बाहेर येऊन म्हणे, झाकून कायले आणली जी, दृष्ट लागते का.

निर्मला भंडाऱ्याहून आली. तिनं जेवण वाढलं. मी आपणहून सांगितलं की दोष एक्सलचा, डिफरन्शियलचा नाही. ती म्हणाली, पाच मिनिटं. मी विचारलं कसली. तिनं पोळी वाढली.

११ फेब्रुवारी

बाबुलालला नव्या एक्सलसाठी कार्ड टाकलं. सोबत कौतुकही लिहिलं: रेतीत आपल्या मालानं नाव काढलं.

२ मार्च

बाबुलालचं उत्तर नाही. धंद्यात गुंतला असेल. इश्वर रोज सकाळी गाडीखाली एक नजर टाकतो आणि मग माझ्याकडे एक.

१४ मार्च

आज भंडाऱ्यात सासूबाईंना चष्मा मिळाला. एकोडीला जाता जाता त्या दोन दिवसांसाठी आमच्याकडे उतरल्या. भिंगं जाडजूड, मागचा डोळा केवढा तरी दिसतो. आल्यापासून दिसेल ते पाहत सुटल्या आहेत. निर्मलाचे पिकलेले केस पाहून रडल्या. माझ्या कानातले केस पाहून हसल्या.

दुपारी इश्वरनं मला न विचारता डिफरन्शियल खोललं. मी म्हटलं, सेटिंग. तो म्हणे, आता कायचं सेटिंग, शेठ. आत चार छोटी दातेरी चाकं असतात तो गोळा घासलेटनं धुऊन त्यानं पाटीत ठेवला. सासूबाई स्टूल घेऊन तिथंच बसल्या होत्या. वाकून पाहिलं. सवयीनं आधी बोटानं चाचपलं, मग पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, जवाईबापू, हे चाकं तं एकमेकाले झाळून टाकले हायेत जी. फुटक्या पितळी गुंडाले झाळते तसे.

इश्वरनं पाहिलं. मग मी पाहिलं. डिफरन्शियल साधं आहे. चारही चाकं वेल्डिंगनं एक करून टाकलेली. फिरतील तर दोन्हीकडे सारखीच फिरतील.

इश्वर म्हणे, जंगलातून लाकडं ओढणाऱ्या जुन्या जीपगाड्यांचं असंच करते. आंबागडच्या बाजूच्या सहा-सात त्यानं स्वतःच करून दिल्या आहेत.

एका गाडीला वेल्डिंगचे दोन रॉड लागतात.