जिन्याची परीक्षा

४ मार्च

वॉर्डातले लिफ्टमन आजोबा आजही नापास! चौथ्या पायरीवर गुडघे धरून बसले. फिजिओ वैतागली. आजोबा हसून म्हणतात, "अहो, जन्मभर लिफ्ट चालवली मी. जिना कुठून येणार?"

मोडलेलं हाड कधीच जुळलंय. पण त्यांच्या मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फोन केला की त्याचं ठरलेलं — "मॅडम, जिना चढता आला की त्याच दिवशी नेतो."

इकडे बाहेर बाकांवर पेशंट झोपलेत. मोठ्या डॉक्टरांनी राउंडला सगळ्यांदेखत सुनावलं — "सोशल वर्कर करतात तरी काय?" तोंडात मारल्यासारखं झालं.

५ मार्च

मुलाचा फोन बंद.

७ मार्च

दुपारी डबा घेऊन गच्चीत गेले, तर आजोबा कठड्याशी ऊन खात उभे! वॉर्डापासून दोन मजले वर, आणि गच्चीपर्यंत लिफ्ट जात नाही. हातात काठीसुद्धा नाही!

"म्हणजे तुम्हाला चढता येतं?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "पोरी, कुणाला सांगू नकोस. जिना चढलात की नेतो, असं बोलून बसलाय तो. मी चढलो तर त्याला तोंडावर नाही म्हणावं लागेल. तेवढं त्याच्यावर येऊ नये."

इतका राग आला मला! पोटच्या पोराबद्दल असं धरून बसायचं? मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय.

८ मार्च

फिजिओला सांगितलं. मुलाचा फोन आज लागला, त्यालाही. लपवू कसं? पलंग हवाय. तो म्हणाला, "येऊन बघतो स्वतः." येतोय! मी नाचतच वॉर्डात गेले. "सांगितलंस होय," एवढंच म्हणाले आजोबा.

९ मार्च

सकाळीच दाढी करून घेतली आजोबांनी. घरचा सदरा घालून बघितला, सिस्टरला दोनदा विचारलं, "बरा दिसतो ना?" म्हणजे आशा आहे म्हातारबुवांना! उद्या मी जिंकणार.

१० मार्च

मुलगा आला. जिन्याखाली माझ्याशेजारी उभा राहिला. आजोबा चढले — एकदाही न थांबता. मी टाळ्या वाजवल्या. वर पोचून ते मागे वळले, तेव्हा माझ्या शेजारी कोणी नव्हतं.

आजोबा वरच्या पायरीवर बसले. गुडघे धरले. म्हणाले, "फिजिओबाईंना सांग पोरी, आजही नाही जमलं."